कबुली बाजूला ठेवल्यावर

सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२० रोजी ‘तोफान सिंग विरुद्ध तमिळनाडू राज्य’ या प्रकरणात दिलेला निकाल वकिलांच्या तोंडी रोज असतो. अमली पदार्थांच्या खटल्यात जामिनाचा अर्ज असो की शिक्षेविरुद्धचे अपील, त्याचा दाखला दिल्याशिवाय युक्तिवाद पुढे सरकत नाही. दाखला देऊन पुढे जाणे वेगळे आणि निकाल सावकाश वाचणे वेगळे. हा निकाल सावकाश वाचण्याच्या योग्यतेचा आहे. न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांनी स्वतःसाठी आणि न्यायमूर्ती नवीन सिन्हा यांच्यासाठी लिहिलेले हे निकालपत्र विचारांची उत्तम बांधणी कशी असते याचा धडा आहे, आणि न्यायमूर्ती इंदिरा बॅनर्जी यांचे भिन्नमत शेजारी ठेवून वाचले की तो धडा पूर्ण होतो.

नवी मुंबईत राहणाऱ्याने तर तो वाचावाच. उरण तालुक्यातले न्हावा शेवा बंदर १९८९ पासून चालू आहे आणि तिथे उतरणाऱ्या कंटेनरांमधून काय काय निघते हे आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. ३० सप्टेंबर २०२२ रोजी वाशीत महसूल गुप्तचर संचालनालयाने, म्हणजे डीआरआयने, आयात केलेल्या संत्र्यांचा एक ट्रक अडवला. त्यात १९८ किलो मेथॅम्फेटामाइन आणि ९ किलो कोकेन सापडल्याचे जाहीर झाले. एवढा माल कोणी एकटा माणूस आणत नाही. पाठवणारा, मागवणारा, कागदपत्रे करणारा, ट्रक चालवणारा, गोदाम देणारा अशी साखळी असते, आणि म्हणून अशा प्रत्येक गुन्ह्यात एनडीपीएस कायद्याचे, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याचे, कलम २९ लागते. ते कटाचे कलम. मूळ गुन्ह्याला जी शिक्षा तीच कटात सामील असणाऱ्याला, मग ठरलेला गुन्हा प्रत्यक्षात घडो वा न घडो. हेरॉइनची व्यापारी मात्रा २५० ग्रॅमपासून सुरू होते आणि तिथे किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे. साखळीतला कोणता दुवा जाणता आणि कोणता अजाण, हे ठरवण्यावर माणसाचे आयुष्य अवलंबून असते.

हे कोण ठरवते? अमेरिकेत अशा कटाचा आरोपी ज्यूरीपुढे उभा राहतो. ज्यूरी दोषी की निर्दोष एवढेच सांगते, कारणे लिहून देत नाही. त्यामुळे तिथल्या अपिलात भर असतो तो न्यायाधीशाने ज्यूरीला काय समजावून सांगितले, कोणता पुरावा तिच्यापुढे येऊ दिला आणि त्या पुराव्यावर कोणतीही समंजस ज्यूरी दोषी ठरवू शकली असती का, यावर. आपल्याकडेही ज्यूरी होती. नानावटी खून खटल्यात मुंबईच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांनी तो कौल न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले आणि तिथे शिक्षा झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आज आपल्याकडे न्यायाधीशाला कारणे लिहावी लागतात आणि अपील म्हणजे त्या लिखित कारणांचे काटेकोर वाचन असते. निकालपत्राचे रसग्रहण करता येते ते त्यामुळेच.

प्रकरणाची हकिकत थोडक्यात अशी. ऑक्टोबर २००४ मध्ये चेन्नईत अमली पदार्थ नियंत्रण विभागाने, म्हणजे एनसीबीने, सव्वापाच किलो हेरॉइन पकडले. तोफान सिंग इतर आरोपींबरोबर पकडला गेला. अधिकाऱ्यांनी एनडीपीएस कायद्याच्या कलम ६७ खाली त्याचा जबाब नोंदवला. विशेष न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली, मद्रास उच्च न्यायालयाने ती कायम केली. शिक्षेचा मुख्य आधार तो जबाबच होता. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी ८ ऑक्टोबर २०१३ रोजी, अशा जबाबावर दोषी ठरवता येते का, हा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे सोपवला, तेव्हा तो माणूस दहांपैकी नऊ वर्षे भोगून बसला होता. उरलेली शिक्षा तेव्हा स्थगित झाली. प्रश्नाचे उत्तर यायला आणखी सात वर्षे लागली.

या नऊ वर्षांचा अर्थ समजून घ्यायला महाराष्ट्रातून गेलेले एक प्रकरण आठवावे लागते. १९८९ मध्ये कायद्यात कलम ३२-अ घातले गेले. एनडीपीएसची शिक्षा स्थगित करता येणार नाही, असे ते सांगत होते. अपील ऐकायला वर्षे लागणार आणि तोवर शिक्षा भोगून संपणार, मग अपिलाचा उपयोग काय? ‘दादू ऊर्फ तुळशीदास विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने २००० साली, शिक्षा स्थगित करण्याचा न्यायालयाचा अधिकार काढून घेण्यापुरते ते कलम घटनाबाह्य ठरवले. तरी जामिनासाठी कलम ३७ च्या कडक अटी उरल्याच. त्यामुळे या कायद्याखालचा आरोपी किंवा दोषी अपील ऐकले जाईपर्यंत बहुधा तुरुंगातच असतो. खारघरजवळच्या तळोजा कारागृहाबाहेर भेटीसाठी थांबलेल्या कुटुंबांना हे कोणी समजावून सांगावे लागत नाही.

आता निकालपत्राकडे. प्रश्न दिसायला छोटा आहे. तेव्हाच्या पुरावा कायद्याचे कलम २५ म्हणत होते की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. एनसीबी, सीमाशुल्क किंवा डीआरआयचा अधिकारी हा या कलमापुरता पोलीस अधिकारी आहे का? आहे असे म्हटले तर कबुली बाद. नाही म्हटले तर त्याच कबुलीवर दहा ते वीस वर्षे.

नरिमन या प्रश्नावर थेट झडप घालत नाहीत. ते आधी राज्यघटनेपाशी जातात: स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसण्याचा हक्क, समानता, जीवित आणि स्वातंत्र्य. मग एनडीपीएस कायद्याची कलमे एकामागून एक मांडतात. जबर शिक्षा, जामिनाच्या कठोर अटी, कलम ३५ आणि ५४ मधली आरोपीविरुद्धची गृहीतके आणि दुसऱ्या बाजूला झडती-जप्तीची बंधने. या मांडणीतून एक सूत्र वर येते: शिक्षा जितकी कडक, तितके आरोपीच्या रक्षणाचे नियम काटेकोर पाळले पाहिजेत. कलम २५ चा प्रश्न येतो तोवर वाचकाच्या हातात मोजमाप आलेले असते. उत्तर लादलेले वाटत नाही, ते आपल्याच मनात तयार झालेले असते. या निकालाचे पहिले सौंदर्य या क्रमात आहे.

दुसरे सौंदर्य जुन्या निकालांच्या वाचनात आहे, आणि तिथे मराठी वाचकाला ओळखीचा प्रदेश भेटतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९२७ मध्ये छापलेल्या ‘नानू शेख अहमद’ प्रकरणात म्हटले होते की अबकारी अधिकाऱ्याला पोलीस ठाण्याच्या अंमलदाराचे तपासाचे अधिकार असतील, तर कबुलीच्या बाबतीत तो पोलीस अधिकारीच. पुढे सर्वोच्च न्यायालयात मतभेद सुरू झाले. ‘बरकत राम’ निकालात बहुमताने सीमाशुल्क अधिकाऱ्याला पोलीस मानले नाही आणि न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी भिन्नमत लिहिले. थोड्याच काळाने ‘राजाराम जयस्वाल’ निकालात विदर्भातून आलेले न्यायमूर्ती ज. र. मुधोळकर यांनी, सुब्बा राव यांच्या साथीने, बहुमताचा निकाल लिहिला आणि एक कसोटी दिली. अधिकाऱ्याचा हुद्दा काय, खाते कोणते हे बाजूला ठेवा. त्याच्या हाती असलेले अधिकार असे आहेत का, की त्यांच्या बळावर समोरच्याकडून कबुली काढून घेणे सोपे जावे?

१९६६ मध्ये पाच न्यायमूर्तींपुढे ‘बडकू जोती सावंत विरुद्ध म्हैसूर राज्य’ हे प्रकरण आले. निपाणी परिसरातल्या मांगूर या सीमाभागातल्या गावच्या घरावर छापा, चोरट्या सोन्याचा माल आणि अधिकाऱ्यापुढचा जबाब. न्यायालयाने तिथे दुसऱ्या गोष्टीला महत्त्व दिले: अधिकाऱ्याला पोलिसांसारखा अंतिम अहवाल न्यायालयात दाखल करता येतो का? येत नसेल तर तो पोलीस नव्हे. १९९० च्या ‘राजकुमार करवाल’ निकालाने हीच कसोटी अमली पदार्थांच्या अधिकाऱ्यांना लावली, २००८ च्या ‘कन्हैयालाल’ने ती पक्की केली आणि तीन दशके कलम ६७ चे जबाब शिक्षेचा पाया होऊन बसले.

पाच न्यायमूर्तींचा निकाल तीन न्यायमूर्तींना मोडता येत नाही. तो वेगळा कसा, हेच दाखवावे लागते. नरिमन दाखवतात ते असे. मांगूरचे प्रकरण महसुलाच्या कायद्याखालचे होते. त्या कायद्याचा मुख्य हेतू कर गोळा करणे, आणि अधिकाऱ्याचे तपासाचे अधिकार त्या हेतूला जोडून आलेले. एनडीपीएसचा हेतू गुन्हा रोखणे आणि गुन्हेगाराला शिक्षा करणे हाच आहे. कलम ५३ खालच्या अधिकाऱ्याला ठाणे अंमलदाराचे तपासाचे सगळे अधिकार आहेत. मग ज्या कायद्यासाठी ती कसोटी बनली, त्याच्याबाहेर ती लावायची कशासाठी? शेवटी कोणता कागद कोण दाखल करतो, या शेवटच्या पायरीवर संरक्षण टांगून ठेवता येत नाही, कारण कबुली तर पहिल्या काही तासांतच घेतली जाते. इथे मुधोळकरांची कसोटी सन्मानाने परत येते.

माझ्या मते निकालाचा सर्वांत देखणा भाग कलम ६७ च्या वाचनाचा आहे. हे कलम अधिकाऱ्याला चौकशीदरम्यान कोणाकडूनही माहिती मागवण्याचा, कागदपत्रे घेण्याचा आणि वस्तुस्थिती ठाऊक असलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याचा अधिकार देते. त्यात कबुलीचा उल्लेखच नाही. नरिमन विचारतात, कायद्याच्या क्रमात हे कलम नेमके कुठे बसते? कलम ४२ खाली झडती घ्यायची तर अधिकाऱ्याला गुन्ह्याविषयी सकारण खात्री वाटली पाहिजे, आणि ती खात्री कोणीतरी दिलेल्या, लिहून घेतलेल्या माहितीतूनही येऊ शकते. म्हणजे कलम ६७ ची जागा झडतीच्या आधी आहे. तिथे अजून कोणी आरोपी नाही, माहिती देणारी माणसे आहेत. जे कलम तपासाच्या दाराशी उभे आहे, त्याला अटकेनंतर आत नेऊन कबुलीचे हत्यार बनवले गेले. कलमाचा आकडा ६७ असल्याने ते शेवटी येते असे वाटते. त्याचे काम मात्र सुरुवातीचे आहे. तीस वर्षे हजारो वेळा वाचले गेलेले कलम पुन्हा वाचून त्याची खरी जागा दाखवणे, याला मी वाचनाची प्रतिभा म्हणतो.

त्याच्या जोडीला समानतेचा मुद्दा आहे, आणि तो आपल्या शहरातून पाहिला की लख्ख दिसतो. हाच कायदा पोलीसही राबवतात. समजा, खारघरमध्ये नवी मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने एका तरुणाला पकडले. त्याची कबुली पहिल्या दिवसापासून पुराव्यातून बाद. तेवढीच पूड, तेच कलम आणि तशीच शिक्षा, पण पकडणारा डीआरआयचा किंवा सीमाशुल्काचा अधिकारी आणि जागा न्हावा शेव्याचे गोदाम. २०२० पूर्वी या दुसऱ्या तरुणाची कबुली त्याला दोषी ठरवायला पुरेशी धरली जात होती. दोघांच्या नशिबातला फरक गुन्ह्याने ठरवला नव्हता, अटक करणाऱ्या खात्याने ठरवला होता. बहुमताने ही विषमता घटनेच्या कलम १४ समोर टिकत नाही असे सांगितले.

आणि मग शेवट. एवढ्या प्रदीर्घ विवेचनानंतर उत्तरे दोनच आहेत, तीही छोटी. कलम ५३ खालचे अधिकारी कलम २५ पुरते पोलीस अधिकारी आहेत, त्यामुळे त्यांच्यापुढची कबुली एनडीपीएसच्या खटल्यात आरोपीला दोषी ठरवायला वापरता येणार नाही. कलम ६७ खालचा जबाब कबुलीजबाब म्हणून वापरता येणार नाही. ‘करवाल’ आणि ‘कन्हैयालाल’ रद्द.

कटाच्या खटल्यात याचे मोल दुप्पट होते. कटाचा पुरावा उघड्यावर नसतो, म्हणून तपास यंत्रणेला सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे एकाच्या तोंडून दुसऱ्याचे नाव वदवून घेणे. इथे १९५२ चा ‘कश्मिरा सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’ हा निकाल शेजारी ठेवून वाचावा. प्रकरण गोंदियातले, गोंदिया तेव्हा मध्य प्रदेशात होते. एका लहान मुलाचा खून, आणि आरोपीविरुद्ध मुख्यतः सहआरोपीची कबुली. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले व्हिवियन बोस यांनी लिहिलेल्या या निकालात सहआरोपीची कबुली कशी वाचावी याची रीत सांगितली आहे. आधी ती कबुली पूर्णपणे बाजूला ठेवा. उरलेला पुरावा एकत्र मांडून बघा. तेवढ्यावर दोष सिद्ध होत असेल तर कबुलीची गरज नाही. होत असेल पण मन किंचित कचरत असेल, तरच तिचा आधार घ्या. सुरुवात कबुलीपासून करायची नाही. या रीतीने कश्मिरा सिंगची खुनाची शिक्षा रद्द झाली, पुरावा नाहीसा केल्याबद्दलची शिक्षा मात्र झाली. म्हणजे ही रीत आरोपीला सरसकट सोडत नाही. जेवढे सिद्ध झाले तेवढेच त्याच्या पदरी घालते. ‘तोफान सिंग’ने एनडीपीएसपुरती एक पायरी पुढे टाकली. अधिकाऱ्यापुढची कबुली उरलेल्या पुराव्याला टेकू म्हणूनही आत येत नाही.

न्यायमूर्ती बॅनर्जी यांचे भिन्नमत मनापासून वाचावे. अमली पदार्थांनी उद्ध्वस्त होणारी घरे, आंतरराष्ट्रीय टोळ्यांची ताकद आणि कायद्याचा कठोर हेतू त्या डोळ्यांसमोर ठेवतात. या अधिकाऱ्यांना पोलिसांचे सगळे अधिकार नाहीत, ते अंतिम अहवाल नव्हे तर तक्रार दाखल करतात, आणि वर्षानुवर्षे चालत आलेल्या पूर्वनिर्णयांचा मान राखला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे आहे. मुंबई-ठाण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रांत ज्यांनी आपल्या मुलांना दाखल केले आहे त्यांना हे मत जवळचे वाटेल, आणि त्यात काही चूक नाही. तरी मला बहुमत पटते. टोळी जेवढी मोठी, तेवढा तिच्या तळाशी असलेला माणूस दुबळा असतो. कबुलीवर चालणारा तपास ट्रक चालवणाऱ्यापाशी, सामान उचलणाऱ्यापाशी थांबतो, कारण तिथे काम झालेले असते. मालकापर्यंत पोहोचायला बँकेचे व्यवहार, फोनच्या नोंदी, आयातीचे कागद, गोदामाचे करार लागतात. कबुलीचा सोपा मार्ग बंद झाला की तपासाला हा अवघड मार्ग धरावा लागतो, आणि खरी साखळी उलगडते ती तिथेच.

निकालपत्रात उणिवा आहेत. जुन्या निकालांचे उतारे इतके लांब आहेत की लेखकाचा स्वतःचा आवाज मधून मधून हरवतो. सामान्य वाचकाला तिथे चिकाटी धरावी लागते. जुन्या कसोटीवर शिक्षा भोगून बाहेर पडलेल्यांना हा निकाल काहीच परत देऊ शकत नाही. ही उणीव लेखणीची नाही, न्यायाला लागलेल्या वेळाची आहे.

परिणाम लवकर दिसले. मुंबईच्या क्रूझ प्रकरणात, म्हणजे पर्यटक जहाजाशी निगडित अमली पदार्थांच्या गुन्ह्यात, मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती नितीन सांब्रे यांनी २८ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोपींना जामीन दिला. त्याच्या सविस्तर आदेशात त्यांनी ‘तोफान सिंग’चा आधार घेऊन कबुलीजबाब बाजूला ठेवले आणि विचारले की या आरोपींच्या मनांची जुळणी दाखवणारा वेगळा पुरावा कुठे आहे? एकाच जहाजावर असणे म्हणजे कट नव्हे. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सहआरोपींच्या कलम ६७ च्या जबाबांवर जामीन नाकारता येत नाही हे मान्य केले. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, आणि पोलिसांपुढच्या कबुलीवरची बंदी त्याच्या कलम २३ मध्ये कायम राहिली.

हा निकाल आरोपींना सोडवण्याचा परवाना नाही. ज्याच्याविरुद्ध माल, नोंदी आणि साक्षी उभ्या राहतात त्याची शिक्षा कबुलीशिवायही अपिलात टिकते, आणि ती टिकलीच पाहिजे. म्हणून वाचकाला एक विनंती. न्हावा शेव्याच्या किंवा वाशीच्या पुढच्या मोठ्या जप्तीनंतर ‘आरोपीने गुन्हा कबूल केला’ अशी बातमी येईल, तेव्हा ते वाक्य क्षणभर बाजूला ठेवा आणि उरलेली बातमी वाचा. तिच्यात काय उरते, त्यावरच आपले मत बनवा. न्यायालयाला अपिलात नेमके हेच करावे लागते, आणि नागरिकाने ते आधी केले तर न्यायालयाचे काम सोपे होते.